यकृतासाठी म्हणून

आक्कांची जीभ त्यांच्या कात्रीसारखीच चाले. कपड्यांच्या कारखान्यात त्या कटर होत्या. दिवसभर कापड कापायचं आणि घरी आलं की भावजयीच्या कामात खोट काढायची. पण भावजयीला क्षय झाल्याचं कळलं, तेव्हा तिच्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी स्वतः सांभाळायला घेतल्या. भाऊ जहाजावर नोकरीला, तो परतायला अवकाश होता. घरात या दोघीच.

"या गोळ्या यकृतावर येतात बरं," शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी कानाशी लागून सांगितलं. उपायही त्यांच्याकडे तयार होता: यकृत जपणारी पावडर. त्याच ती विकायच्या. आक्कांनी घासाघीस न करता डबा घेतला, यातच सगळं आलं. रोज कामावर निघण्याआधी त्या कोमट पाण्यात पावडर ढवळायच्या. "घे, मुकाट्यानं पी." भावजय प्यायची.

पुढे तिची अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी ती खिडकीशी वेणी घालत होती. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा आक्कांना दिसला. त्या तिला तडक दवाखान्यात घेऊन गेल्या.

रक्ताचा रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या गोळ्यांखेरीज दुसरं काही घेता? काढा, चूर्ण, टॉनिक?"

"नाही," भावजय म्हणाली. आक्कांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आक्का चमकल्या. जिला आपण उठताबसता बोललो, ती पोरगी आपल्याला पाठीशी घालत होती.

"खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "मी देते तिला पावडर. रोज, माझ्या हातानं."

त्या तशाच घरी गेल्या आणि डबा घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं.

"माझ्यामुळे झालं का हे?"

"सांगता येत नाही. नुसत्या गोळ्यांनीही होतं. यकृत जपणाऱ्या पदार्थांवर अभ्यास चाललेत, काहींचा थोडाफार उपयोग दिसलाय. पण या डब्यात दहा गोष्टींची खिचडी आहे, कुठली किती ते लिहिलेलंच नाही. सध्या सगळं बंद. यकृत सावरलं की गोळ्या एकेक करून सुरू करू, दर वेळी रक्त तपासू. पावडर मात्र नको."

घरी आल्यावर आक्कांनी विचारलं, "डॉक्टरांपुढे खोटं का बोललीस गं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि मेली असतीस म्हणजे मला बरं वाटलं असतं होय?"

भावजय हसली. "खरं सांगू आक्का? मला ती चव मुळीच सोसायची नाही."

"मग पीत कशाला होतीस?"

"तुम्ही ढवळून द्यायचात ना, म्हणून."

आक्का उठल्या आणि डबा केरात रिकामा करून आल्या.

यकृत हळूहळू सावरलं. गोळ्या एकेक करून परत सुरू झाल्या आणि लागूही पडल्या. दोष नेमका कशाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आक्कांच्या मनाला ते टोचत राहिलं. शिकवणीवाल्या बाईंशी त्या भांडल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देण्याआधी त्याला डॉक्टरांना विचारायला सांगा." तपासणीच्या प्रत्येक दिवशी त्या कारखान्यातून रजा काढून भावजयीशेजारी बाकावर बसायच्या. तिथे सुई टोचणाऱ्या नर्सला मात्र त्यांच्या जिभेचा चांगलाच प्रसाद मिळायचा.