एकाच हाताचे दोनशे कागद

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन दहाएक वर्षं झाली होती, तेव्हा मी पवनी तालुक्यातल्या एका वाणिज्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आलो. पहिल्या दिवशी प्राचार्यांनी मला हार घातला, नारळ फोडला. मग सगळे विसरले. विसरली नाही ती एकटी भावनाताई, तिथली सहायक ग्रंथपाल. रोज सकाळी ती मऊ लुगड्याच्या तुकड्याने माझी काच पुसायची.

प्राध्यापकांना बढतीसाठी शोधनिबंध छापून आणावे लागत. विद्यार्थ्यांना व्यापार कसा शिकवावा, यावर ते चार पानं खरडायचे आणि भावनाताईपुढे ठेवायचे. त्यात मुद्दा कुठे दडलाय ते ती शोधून काढायची. "सर, तुमी प्रश्नच नाही विचारला, अन् उत्तर देऊन राहिले," असं हसत म्हणायची. संदर्भ जुळवणं, योग्य नियतकालिक शोधणं, परीक्षकांच्या शंकांना उत्तरं लिहिणं, सगळं तिच्याकडे. मी पानं टिपून द्यायचो.

विभागप्रमुख भुपेंद्र सरांचे चार निबंध असेच उभे राहिले. त्यातला एक तर मुळापासून ताईचा. तिची माय बायजाबाई अड्याळच्या आठवडी बाजारात भाजी विकते. ताईने वाणिज्यच्या मुलांना तिथे नेऊन बसवलं. गिऱ्हाईक कसं जोडावं, उरल्या मालाचं काय करावं, हे मुलं पुस्तकापेक्षा तिथे लवकर शिकतात, हे तिने दाखवून दिलं. सहा महिने ती त्यासाठी खपली. निबंध छापून आला तेव्हा वर नाव एकच होतं, सरांचं. आभारातसुद्धा ताई नव्हती.

मग तिने स्वतः पीएच.डी.साठी अर्ज लिहिला. विभागप्रमुखांची सही हवी होती. सर माझ्याच झाकणावर कोपर टेकवून म्हणाले, "कपाटं पुसणाऱ्यानं संशोधन कायले करावं? मी सही नाही करत."

ते गेल्यावर ताईने मला पुसायला घेतलं. झाकणावरचा कोपराचा डाग ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली : या माणसाचा खोटेपणा एकदा माझ्या काचेवर येऊ दे.

आला.

सरांनी पाचवा निबंध ताईला न विचारता परस्पर पाठवला होता. करडी आणि कोंढा या गावांतल्या दोनशे विद्यार्थ्यांची पाहणी. संपादकांना शंका आली, त्यांनी मुलांनी भरलेल्या मूळ प्रश्नावल्या मागवल्या. सरांनी गठ्ठा आणून आपटला. "आजच पाठवा."

पहिला कागद काचेवर आला, दुसरा, तिसरा. दहाव्याला मला कळलं. तेच अक्षर, तीच निळी शाई, वेलांटीचा तोच झोक. दोनशे मुलं नव्हतीच. एकच माणूस खुर्चीत बसून खुणा करत गेला होता.

ताईच्याही ध्यानात आलं. पूर्वीची ताई असती तर तिने सरांना वाचवलं असतं. या वेळी ती त्यांच्या दारापर्यंत गेली आणि एवढंच म्हणाली, "सर, एकदा पाहून घेता का? का जसे आहेत तसे पाठवू?"

"जसे आहेत तसे! तुमाले समजत नाही त्यात डोकं नका घालू."

"बरं, सर."

मी तेव्हाच म्हातारा झालो होतो. मी टिपलेल्या पानावर नेहमी एक काळी रेघ उमटायची. त्या दुपारी मात्र मी सगळा जीव एकवटला. दोनशेच्या दोनशे कागद लख्ख उमटले. इतकं सुख मला त्या हारानेही दिलं नव्हतं.

पंधरा दिवसांत संपादकांचं पत्र प्राचार्यांकडे आलं. चौकशी बसली, विभागप्रमुखपद गेलं. सर ग्रंथालयात आले, चेहरा राखेसारखा. "तुमाले दिसलं होतं ना? मंग सांगितलं काहून नाही?"

ताईने मान वर केली. "सर, मी तं कपाटं पुसणारी. मले काय समजते?"

सूड गोड लागतो, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

पण चौकशीने सरांचे जुने निबंधही बाहेर काढले. अड्याळच्या बाजाराबद्दल विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांना देता आलं नाही. तो निबंधही मागे घेतला गेला. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. निबंध मागे घेतल्याचं पत्र ताईने दोनदा वाचलं. हा वार आपल्याच माणसावर बसेल, हे मला सुचलं नव्हतं.

डबा द्यायला आलेल्या बायजाबाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्याईच्या नावावर होतं, तं गेलं. तू आपल्या नावानं लिही. बाजार का उठून गेला?"

ताई पुन्हा बाजारात जाऊ लागली. तिच्या अर्जावर नव्या विभागप्रमुखांनी सही केली. तिची पानं आता नवं यंत्र टिपतं. मी कपाटावर धूळ खात पडलो आहे.

मित्रांनो, यंत्रांची काच पुसत जा. आणि ज्याच्या हातांनी तुमचं काम उभं राहिलं, त्याचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहीत जा. भावनाताईने सरांना माफ केलं, असं म्हणतात. मी केलेलं नाही.