झोपून बघितलेली गाडी

सिरसाळ्याचा महांतेश मिस्त्री गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचा. बायकोचं दुखणं मात्र त्याला आठ महिने ऐकू आलं नाही. शिवगंगा एका हातानं कंबर दाबून भाकरी थापायची आणि हा म्हणायचा, "वाकून बसत जाऊ नको." शेवटी अंबाजोगाईच्या डॉक्टरानं फोटो उजेडाला धरला. मणक्यात गाठ होती. दहा गुरुवार इलाजाला आणायचं, एकही चुकवायचा नाही, असं त्यानं सांगितलं.

दोनच गुरुवार झाले आणि शिवगंगेनं हात जोडले.

"अहो, मला घरात मरू द्या. पन त्या गाडीत न्हाई."

ती गाडी म्हणजे सभापती मोहनरावांची जुनी अँबॅसडर. दिल्लीनं बाहेरच्या कंपन्यांना दार उघडलं आणि तालुक्यात सगळ्यात आधी मोहनरावांची नवी गाडी आली. रस्ता तेवढा आला नाही. तो कागदावर दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा नारळ मोहनरावांनीच फोडला होता. जुनी गाडी त्यांनी महांतेशच्या गॅरेजात टाकून दिली. घे तूच, म्हणाले.

त्या गाडीत एकेकाळी नऊ-नऊ कार्यकर्ते कोंबलेले असायचे. म्हणून धुळाजी लोहारानं मागच्या कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, तीन-तीन पोलादी पाटे जास्तीचे घातलेले, आणि टपावर भोंग्यासाठी लोखंडी सांगाडा. आपल्याकडं हीच रीत. ट्रक असो, ट्रॉली असो, मोटार असो, डुलायला लागली की घाल पाटा. कडक म्हणजे मजबूत. माणसांचंही तसंच धरून चालतात, म्हणून बायका आठ-आठ महिने बोलत नाहीत.

एवढं करून गाडी खड्ड्यात आदळायची ती आदळायचीच, आणि घाटाच्या वळणावर कलायचीसुद्धा. आदळली की शिवगंगा किंचाळायची. कलली की शिटावरून घसरायची.

"अजून दोन पाटे टाकू बे," धुळाजी म्हणाला. "दगडावानी बसंल वळनावर."

"आन आत काय दगड न्यायचाय का?"

धुळाजीनं विडी विझवली. गुरुवारला पाच दिवस होते.

महांतेशनं आधी टपावरचा सांगाडा कापून फेकला. भार उंचावर असल्यावर गाडी कलणारच. मग जास्तीचे पाटे काढले. उरलेले खरवडले, घासले, मधे ग्रीस भरून परत आवळले, म्हणजे एकमेकांना धरून न बसता सरकतील. खाली शिरून बघितलं तर रबरं झिजून भुगा झालेली, शॉकॲब्सर्बर गळलेले. तिथं पाठीवर पडल्यापडल्या त्याला उमगलं, की गाडी मऊ आहे म्हणून डुलत नव्हती, ढिली आहे म्हणून डुलत होती. वीस वर्षं तो हा धंदा करत होता, आणि वीस वर्षं ढिलाईवर कडकपणाचा इलाज करत होता. त्यानं रबरं बदलली, शॉकॲब्सर्बर बदलले, चारी टायर एका जातीचे घातले, पुढची चाकं दोरी लावून सरळ केली.

मग धुळाजीला म्हणाला, "चालीव." आणि स्वतः मागच्या शिटावर आडवा झाला. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. शिवगंगा झोपायची तसा.

"महांत्या, लोक गाडी चालवून बघत्यात. तू झोपून कावून बघायलास?"

"चालवनाराला श्टेरिंग असतंय धरायला. तिला काय असतंय?"

पहिल्या खेपेला गाडी पाळण्यासारखी हेलकावली. परत आल्यावर दोन्हीकडं एकेक पाटा पुन्हा घातला. दुसऱ्या खेपेला टायरची हवा जरा उतरवली. चौथ्या खेपेला घाट चढताना त्याची पाठ शिटाला चिकटून राहिली. वळण आलं, गेलं. खड्डा आला, तोही गेला, म्हशीनं अंग हलवावं तसा. धुळाजी नुसता म्हणाला, "आयला."

गुरुवारी शिवगंगा परळीच्या पुढं झोपली. जागी झाली तेव्हा गाडी दवाखान्याच्या फाटकात होती.

"घाट?"

"कवाच गेला."

तिनं टपाकडं बघितलं.

"मग आधी कावून न्हाई केलं?" म्हणाली.

त्यानं उतरून मागचं दार उघडलं, तिला हात दिला.

असे सहा गुरुवार गेले. नवव्या गुरुवारी दुपारी ती दवाखान्यातच गेली. दवाखान्याचा दोष नव्हता. उशीर गावातच झाला होता.

लिंगायतांत गेलेलं माणूस आडवं ठेवत नाहीत. बसवतात, बसवूनच नेतात, मातीतही बसवूनच देतात. दवाखान्याच्या गाडीवाला म्हणाला, आडवं घालून नेतो. महांतेशची बहीण ईश्वरी सोबत होती, ती म्हणाली, "आण्णा, अंग आकडायच्या आत बसवायला पायजे." तिघाचौघांनी शिवगंगेला अँबॅसडरच्या मागच्या शिटावर बसवलं. दोन्हीकडं उशा लावल्या, छातीवरून शाल बांधली. शेजारी ईश्वरी बसली, हात तयार ठेवून.

महांतेशनं गाडी घाटात घातली. ना हळू, ना जोरात. आरसा त्यानं खाली वळवून ठेवला होता.

उतार संपल्यावर ईश्वरी म्हणाली, "आण्णा, एकदा पन धरावं लागलं न्हाई वैनीला."

महांतेशनं गियर बदलला.

तिसऱ्या दिवशी मोहनराव भेटायला आले. घोंगडीवर टेकले. मग म्हणाले, "लई वाईट झालं. आन ऐक, आमच्या जुन्या गाडीला काय केलंस म्हनं तू? या नवीत कंबर मोडायली राव. वळनाला फेकून देती."

"रस्ता करा," महांतेश म्हणाला. आवाज चढला नाही. नट किती नंबरचा ते सांगावं तसं म्हणाला.

मोहनराव हसले. मिस्त्री दुःखात आहे, असं सोबतच्या माणसांना म्हणाले आणि गाडी गॅरेजात ठेवून गेले.

गुरुवार आला. करायला दुसरं काही नव्हतं. महांतेशनं नव्या गाडीचं मागचं दार उघडलं, डाव्या कुशीवर झोपला, गुडघे पोटाशी घेतले. धुळाजीनं गाडी सुरू केली. परळी गेली, घाट चढून झाला, वरच्या सपाटीला धुळाजीनं गाडी थांबवली.

"कसं हाय?"

शिटाला नव्या रेग्झिनचा वास होता. गाडी आदळली होती, कलली होती, हे त्याला इंजिनाच्या आवाजावरून माहीत होतं. पाठीला काहीच जाणवलं नव्हतं.

"कळंना," तो म्हणाला. "परत घे."

धुळाजीनं गाडी वळवली.