डाव्या हाताचा गृहपाठ

कबड्डीचं दहा दिवसांचं शिबिर आटोपून पायल वणीहून राजूरला घरी आली, बॅग फेकली अन् आधी मैत्रेयीची वही उघडली. दुसरीतल्या या बहिणीला गृहपाठाची सवय तिनंच लावली होती, तीन महिने डोकेफोड करून. खाणीचा चारचा भोंगा झाला की हातपाय धुवायचे, मूठभर मुरमुरे खायचे, सतरंजी टाकून बसायचं. वीस मिनिटं. रडलं तरी चालेल, उठलं तर नाही!

वही भरलेली. जवळजवळ प्रत्येक पानावर बाईंचा लाल तारा. पायलची छाती फुगली.

"वा वं मैते! सांग बरं, बावन्नातून सत्तावीस गेले, किती?"

मैत्रेयी छताकडे पाहू लागली. "बाबाले विचार."

"बाबाले काहून?"

"तेच तर करून राह्यले." आणि पोरीनं मोठ्या कौतुकानं सांगून टाकलं, "डाव्या हातानं लिवते बाबा. मंग माह्यासारखंच अक्षर येते."

पायलच्या टाळक्यात जाळ झाला. बाबा नुकतेच खाणीतून आले होते, बाजेवर बसून मोजे काढत होते.

"बाबा! तुमी दुसरीत हाय का?"

"अवं, लेकरू पेंगत होतं," बाबा हसले. "अन् पाय, एक बी गणित चुकलं नाही माह्यं. आठ तारे! एका दिवशी फक्त बाईनं 'अक्षर सुधारा' लिवलं. आता डाव्या हातानं अजून किती सुधारू?"

"हासू नका! उद्या बाईनं तिले फळ्यापाशी उभं केलं, हेच गणित देऊन, तं? तवा कोनाचा हात नेनार ते?"

बाबांचं हसू ओसरलं. "मले सांगाले कोनी नव्हतं, बेटा. रोज छड्या खाल्ल्या. सहावीत शाळाच सोडली. माह्या पोरीनं कायले मार खावा?"

झालं! आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? पण राग काही उतरला नाही. उतरायला जागाच नाही म्हटल्यावर तो आणखीच उकळला.

तिनं सतरंजी झटकली, मैत्रेयीला बसवलं. मैत्रेयीनं लिहिलं, पस्तीस.

"सातातून दोन नाही वं! दोनातून सात!"

पुन्हा पस्तीस.

"आन इकडं!" पायलनं पेन्सिल हिसकावली अन् उत्तर लिहायला घेतलं.

"तू बी बाबासारखीच!" मैत्रेयी किंचाळली. "मले कोनी करूच देत नाही!" आणि खोडरबर भिरकावलं ते थेट पायलच्या कपाळावर.

बाजेवर बाबा मोज्यातलं भोक निरखू लागले.

पायलचे कान तापले. बाबांचा राग, स्वतःचा राग, त्या मेल्या बावन्नाचासुद्धा राग. तिनं पेन्सिल खाली ठेवली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "कर."

मैत्रेयीनं रेघा मारल्या, वाकड्यातिकड्या, बावन्न. मग एकेक खोडत बसली. दोनदा चुकली, दोनदा सुरुवातीपासून.

"पंच..." बाबांच्या तोंडून निसटलं.

"बाबा!" दोघी एकदम ओरडल्या.

वीस मिनिटं त्या एका गणितात गेली. उत्तर आलं चोवीस. पायलनं दात असे आवळले की दाढ दुखली.

मैत्रेयीनं उत्तराकडे पाहिलं, रेघांकडे पाहिलं. "परत मोजू का वं?"

"तुह्यं तू पाय," पायल फणकारली.

मैत्रेयीनं पेन्सिलचं टोक जिभेला लावलं अन् पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "एक."