भिंतीकडे तोंड केलेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. वर एक ठळक इंग्रजी अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. बावीस वर्षं अवोन्डेल नावाच्या परदेशी उपनगरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात टांगलेला आहे. नवा होतो तेव्हा सगळे कौतुक करायचे. आता धूळसुद्धा कुणी झटकत नाही. असो.

वसुंधराबाई दरवर्षी यायच्या. नात ऋचाला गाडीतून शाळेत सोडण्यात त्यांचा सगळा जीव. त्या मला खडाखडा वाचायच्या, पण मला कसंतरीच व्हायचं. गेली चार वर्षं त्यांची नजर माझ्यापर्यंत पोचतच नसे. डोळे तपासणारी कल्याणी मात्र कम्प्युटरकडे बघत मागच्या वर्षीचाच कोड, म्हणजे नोंदीचा ठरावीक शेरा, कायम करायची, 'दृष्टी ठीक'. एक क्लिक, की झालं काम. मला बोलता आलं असतं तर चांगलं खडसावलं असतं.

यंदा भिंत रंगवली. रंगाऱ्याने मला परत टांगलं ते तोंड भिंतीकडे करून. समोर मिट्ट काळोख आणि ओल्या रंगाचा वास; पाठीमागचं सगळं फक्त ऐकू येत होतं. पहिल्याच पेशंट वसुंधराबाई.

त्यांनी एक डोळा झाकला आणि माझी मागची कोरी बाजू त्या वाचू लागल्या. पहिली ओळ, दुसरी, पाचवी. एकही अक्षर चुकलं नाही. मित्रांनो, भीतीने माझ्या अंगावर काटा आला.

कल्याणीचं टायपिंग थांबलं. "काकू," ती हलकेच म्हणाली, "तिथं काहीच लिहिलेलं नाही."



"दिसत होतं तेव्हाच पाठ केलं होतं गं," वसुंधराबाई म्हणाल्या. "आता तक्ताच दिसत नाही."

"मग गाडी?"

"आत्ताच ऋचाला सोडून आले. रस्ता पाठ आहे."

"आणि रस्ता ओलांडणारी मुलं, काकू?"

वसुंधराबाईंनी गाडीची चावी टेबलावर ठेवली.

कल्याणीने त्यांना जवळून बोटं मोजायला लावली, एकेका डोळ्याने. मग उजव्याचं वेगळं, डाव्याचं वेगळं, खरं तेच लिहिलं. नजर गेलेल्यांना सरकारी मदत मिळते ती त्याच कोडावर. खाली मोठ्याने म्हणत लिहिलं, 'मागच्या नोंदी मी न बघता कायम केल्या होत्या.' आणि आपलं नाव घातलं.

मित्रांनो, नोंद करण्याआधी माणसाकडे बघा. चार वर्षं ती पोर त्या गाडीत मागच्या सीटवर बसत होती, आणि कम्प्युटरमध्ये सगळं ठीक होतं.