दहावा ब्रेक

"पाचपैकी दोनच तारे? अगं, उद्या त्या गाडीच्या कंपनीची पानभर जाहिरात आहे!" संपादकांनी तिचा लेख टेबलावर आपटला.

गाड्यांचं सदर लिहिणारी ती शांतपणे म्हणाली, "ही दोन दारांची कूपे गाडी देखणी आहे, वाऱ्यासारखी पळते. तसं लिहिलंयही. पण घाट उतरताना दहाव्या ब्रेकला पेडल पार तळाला गेलं, गाडी थांबेना."

"दहा वेळा करकचून ब्रेक मारतं कोण?"

"मी. प्रत्येक गाडीला, शेजारी बाबांना बसवून."

बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती. या गाडीत आठव्या ब्रेकलाच त्यांनी दाराचा दांडा घट्ट धरला आणि म्हणाले, "सोन्याची सुरी आहे, पोरी. उरी मारून घेऊ नये."

"चार तारे कर, नाहीतर सदर बंद समज," संपादकांनी बजावलं.

तिने पेन उचललं, तसा संपादकांचा चेहरा खुलला. तारे तसेच ठेवून तिने शेवटी एक ओळ वाढवली : 'घराएवढ्या किमतीत ही गाडी नुसती पळते, थांबणं त्यात धरलेलं नाही.'

"आता खुशाल बंद करा, साहेब," ती उठत म्हणाली. "पण हे छापून."