बोंडराजबाई

विक्की सरांना 'सर' म्हटलेलं आवडायचं. 'साहेब' म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटायचं. हे त्यांनी निकिता मनवरला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं. त्यानंतर कामाचं असं त्यांनी तिला फारसं काही सांगितलं नाही.

कंपनी कपाशीवर फवारायचं टॉनिक विकायची. नाव बोंडराज. निकितानं यवतमाळला कृषीची पदवी घेतली होती, त्यामुळे बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून तिला कळलं होतं की ह्यात रंग आणि वास आहे, बाकी नावापुरतं. दिग्रसच्या ऑफिसात हे सगळ्यांनाच कळलेलं होतं. ऋतिक नावाचा तिचा सहकारी एकाच गावातल्या म्हाताऱ्यांना टोप्या बदलून बसवायचा, फोटो काढायचा आणि ते फोटो वेगवेगळ्या गावांचे शेतकरी मेळावे म्हणून वर पाठवायचा. वरचे लोक त्यावर मोबाइलमधला 'लाइक'चा अंगठा टाकायचे. विक्की सर ते अंगठे दाखवत हिंडायचे.

निकिता रोज संध्याकाळी घरी येऊन आईसमोर विक्की सरांची नक्कल करायची. गॉगल डोक्यावर, किल्ली बोटात फिरवत, 'टीम, थोडा पॅशन दिखाओ.' आई, शीलाबाई, भाकरी थापता थापता हसायची. ह्या नकलांवरच निकिताचे दिवस निघत होते.

तिला एमबीए करायचं होतं. कॅटचा पेपर चांगला गेला होता आणि आता कॉलेजांचे अर्ज भरायचे होते. नोकरी आत्ताच सोडावी की प्रवेश हातात आल्यावर, एवढाच प्रश्न उरला होता. हॉस्टेलची मैत्रीण उर्वशी राठोड पुण्याला एमबीए करून नोकरीला लागली होती. ती फोनवर म्हणाली, "पागल झाली का तू? अर्जात सध्या नोकरीत आहो असंच दिसलं पाहिजे. गॅप दिसला की शंभर प्रश्न इचारतात. अॅडमिशन झाली की मार लाथ."

"रोज त्या माणसाचं तोंड पाहा लागते."

"पाह्य की मंग. तोंड पाहून कोणी मरत नाही."

निकिताला ते पटलं. रविवारी बसून तिनं अर्जातला निबंधही लिहून काढला. नेतृत्वाचा अनुभव लिहायचा होता. तिनं हंसाबाईच्या व्हिडिओवर लिहिलं.

हा व्हिडिओ श्रावणात झाला होता. कंपनीला यशोगाथा हवी होती. निकिता दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावर गेली आणि हंसाबाई आडेला तयार केलं. हंसाबाईचं स्वतःचं वावर मुरमाड, म्हणून तिला शेजारच्या खेमसिंगच्या हिरव्यागार कपाशीत उभं केलं. खेमसिंगनं शेणखताशिवाय काही घातलं नव्हतं. निकितानं वाक्य पढवलं: 'बोंडराज फवारलं आन् माझं वावर बोलाले लागलं.' हंसाबाईनं विचारलं होतं, "हे कोन पाहीन?" निकिता म्हणाली होती, "कोणी नाही काकू, ऑफिसचं आहे." कंपनीनं हंसाबाईला एक साडी दिली. आणि व्हिडिओ जिल्हाभर मोबाइलवर फिरला.

त्याच आठवड्यात, वेचणी चालू असताना, एका दुपारी हंसाबाई एसटीनं दिग्रसला आली, ऑफिसचा जिना चढली आणि साडी निकिताच्या टेबलावर ठेवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"हे घे, पोरी. मले नको."

"काहून काकू?"

"राळेगावकडं माहा भाचा राह्यते, लखीराम. त्यानं फोनात मले पाह्यलं. मावशी सांगते म्हनून त्यानं आन् त्याच्या दोस्तायनं तुहं ते पानी फवारलं. काहीच नाही झालं. आता सारे मले बोंडराजबाई म्हनतात. सुनेसमोर म्हनतात. तू म्हनली होती, कोनी पाह्यत नाही."

निकिता काही बोलायच्या आत विक्की सर कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या केबिनमधून बाहेर आले. "अरे मावशी, आप तो स्टार हो गए. एक साडी और ले जाओ."

हंसाबाईनं त्यांच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं. असं पाहणं निकिताला कधी जमलं नव्हतं. ती फक्त पाठीमागे नकला करायची. "तो व्हिडिओ काढून टाक," हंसाबाई निकितालाच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

विक्की सरांनी निकिताला केबिनमध्ये बोलावलं. "मला माहितीय तू एमबीएला अर्ज करतेयस. कर. शिफारस मी देतो. आणि हा व्हिडिओ टाक अर्जात. ग्रामीण महिला, विश्वास, ब्रँड. पॅनल खलास होईल."

निकिता उभीच राहिली. ग्रामीण महिला, विश्वास, ब्रँड. रविवारी लिहिलेल्या निबंधात हेच तीन शब्द होते, ह्याच क्रमानं. इतके महिने ज्या माणसाला ती हसत होती, त्याच्यासारखंच लिहायला ती शिकली होती. तिला त्याची आली नव्हती एवढी किळस स्वतःची आली.

"व्हिडिओ काढा सर," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? सीझनचा बेस्ट व्हिडिओ आहे तो."

संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं. भारत मनवर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त.

"बाबा, मी नोकरी सोडून राह्यली."

"अॅडमिशन झाली?"

"अर्जच नाही केला अजून."

"मंग इतकी काय घाई?"

"त्या माणसाच्या शिफारशीवर मले कॉलेजात नाही जायचं."

 भारतराव म्हणाले, "मी डेपो मॅनेजरच्या नकला करत नोकरी काढली. लोक लय हासत. त्याचं काहीच बिघडलं नाही. सोडतं तं सोड. पण घरी बसून ह्या विक्कीच्या नकला करू नको."

दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. विक्की सर म्हणाले, "पॅशनच नाही तुझ्यात." ती तिथून थेट तांड्यावर गेली. लखीरामही वेचणीसाठी मावशीकडे आलेला होता.

"गेला का व्हिडिओ?" हंसाबाईनं विचारलं.

"नाही काकू. त्यायनं नाही काढला. मी नोकरी सोडली."

"मंग मले त्याचं काय?"

 निकिता ओट्यावर बसली आणि लखीरामला म्हणाली, "ते वाक्य माहं होतं. वावर खेमसिंगभाऊचं होतं. काकूनं बोंडराजची बाटली पाह्यली बी नव्हती."

"वावर कोनाचं ते तांड्यात साऱ्यायले ठाऊक हाय," लखीराम म्हणाला. "राळेगावात नाही ना."

हंसाबाई म्हणाली, "मंग हेच फोनात बोल."

लखीरामनं फोन धरला. निकितानं नाव, कंपनी, सगळं सांगितलं. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा नीट झालं. लखीरामनं ते आपल्या ओळखीच्या गटांवर टाकलं. पहिल्या व्हिडिओइतकं ते काही फिरलं नाही, पण राळेगावकडं पोचलं. विक्की सरांचे फोन आले. तिनं उचलले नाहीत. हंसाबाईनं चहा दिला. माफ केलं असं मात्र म्हणाली नाही.

निकितानं निबंध नव्यानं लिहिला. मुलाखतीत एका मोठ्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "अर्जाच्या तोंडावर नोकरी सोडलीत. थोडं थांबला असतात तर प्रोफाइल भक्कम दिसली असती."

"दिसली असती, सर."

"मग?"

तिनं हंसाबाईचं सांगितलं. ते म्हणाले, "हे व्यावहारिक नाही." त्यांनी तिला घेतलं नाही. नागपूरच्या एका साध्या कॉलेजनं घेतलं. उर्वशी फोनवर म्हणाली, "मी सांगतलं होतं." निकितानं वाद घातला नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून ओळख करून दिली. पॅशन हा शब्द इतक्यांच्या तोंडून आला की तिनं मोजणं सोडलं. अर्ध्या वर्गाला विक्की सर व्हायचं होतं, आणि बरेच जण होणारही होते. निकिता दुसऱ्या रांगेत, फळा नीट दिसेल अशी बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती नाव आणि गाव सांगून खाली बसली, आणि पेनाचं टोपण काढलं.