दोन मतांचा पक्ष

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्ना गमरे नेहमीसारखीच ओट्याशी उभी होती. एका शेगडीवर भात, दुसरीवर बोंबलाचं कालवण. बाहेरच्या खोलीत माणसं येत होती, पेढे वाटत होती आणि हार तिच्या नवऱ्याच्या, प्रशांतच्या गळ्यात घालत होती. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून उमेदवारी स्वप्नाला मिळाली. वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून प्रशांत कैक वर्षं साईनाथदादांच्या पक्षात राबत होता; तेव्हा खरा नगरसेवक तोच, असं सगळे धरून चालले होते.

"मॅडमना आतच राहू दे," तो कुणाला तरी हसत म्हणाला. "काम काय असेल ते मला सांगा."

शेजारची रंभा मात्र थेट स्वयंपाकघरात आली. तिचा हात धरून तिची मुलगी रुचिता चालत होती. डोंबिवलीच्या शीळफाट्याकडच्या टोकाला त्यांची वस्ती, आणि वस्तीला खेटून रसायनांची बेकायदा गोदामं. गेल्या वर्षी तिथलं एक पिंप फुटलं तेव्हा ही पोर बाहेर खेळत होती. तिचे दोन्ही डोळे गेले. प्रचारात रंभाच सगळ्यांत पुढे होती. दारोदार फिरून तिने सांगितलं होतं, "मोठ्या पक्षांना देऊन बघितलं. आता आपल्या बाईला द्या. ती गोदामं हलवील."

"मावशी, आता तो वास जाईल ना?" रुचिताने विचारलं.

स्वप्नाने ओला हात पुसून तिच्या डोक्यावर ठेवला. "जाईल. मी शब्द देते."

महापालिकेत दोन्ही मोठ्या आघाड्यांच्या जागा अगदी सारख्या आल्या. मधे उरला साईनाथदादांचा पक्ष. त्याच्या नगरसेविका दोनच, स्वप्ना आणि रसिका. कालपर्यंत ज्या पक्षाचं नाव कुणी धड घेत नव्हतं, त्याच्या कार्यालयासमोर दोन्हीकडच्या गाड्या लागल्या. मग दोघींना नवऱ्यांसकट कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर हलवण्यात आलं. तिथे मोबाइल काढून घेतले, ते फक्त बायकांचे.

हॉलचं दार लावून दादा आणि दोघींचे नवरे आत बसले. निवडून आलेल्या दोघी बाहेर हिरवळीवर.

"आत आपण नको का बसायला?" स्वप्ना म्हणाली.

"अगं, पिकनिक समज," रसिकाने भज्यांची बशी पुढे सरकवली. "घरी कोण देतं आयतं?"

संध्याकाळी जेवणघरातल्या टीव्हीवर बातमी लागली. साईनाथदादांचा पाठिंबा एका आघाडीच्या मारुतीशेठना. महापौर तेच होणार. स्वप्नाच्या हातातला घास हातातच राहिला. वस्तीमागची गोदामं मारुतीशेठचीच होती.

"मी हात वर करणार नाही," ती उठलीच.

प्रशांतने तिला व्हरांड्यात नेलं. "अगं, ऐक तरी. दादांनी शेठला अट घातलीय. पहिल्याच महासभेत गोदामं हलवायचा ठराव. विरोधात बसून काय उखडणार आपण? आणि सत्तेत असलो, तर आपल्या दोन मतांशिवाय त्यांचं पान हलणार नाय."

"खरं सांगतोयस?"

"रुचिताची शपथ."

त्या आंधळ्या पोरीची कुणी खोटी शपथ घेईल, हे स्वप्नाच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. महापौर निवडीला तिने हात वर केला. मारुतीशेठ दोन मतांनी निवडून आले. प्रशांत गुलालात माखून नाचला.

वस्तीत परतल्यावर रंभाचं दार बंद होतं. स्वप्ना खिडकीशी उभी राहिली. "अट घातलीय, रंभा. पहिल्या सभेपर्यंत थांब."

आतून आवाज आला. "तू बोलतेस म्हणून थांबते. प्रशांत बोलला असता तर नसती थांबले."

महासभेच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी रसिका भेटली.

"आज गोदामांचा विषय आहे ना?" स्वप्नाने विचारलं.

"आहे की. कायम करायचीत. हात वर करायचा, बास."

"कायम? हलवायची अट होती ना?"

"कसली अट?" रसिका चक्रावली. "दादांना परिवहनचं सभापतिपद, आमच्या ह्यांना बागांचं काम, तुमच्या प्रशांतला सफाईचं कंत्राट. एवढंच ठरलेलं. तुला बोलला नाय तो?"

दादा आणि प्रशांत पलीकडेच उभे होते. स्वप्ना सरळ त्यांच्यासमोर गेली. "दादा, गोदामं हलवायची अट तुम्ही घातलेली का?"

दादांनी प्रशांतकडे बघून भुवया उंचावल्या. "ताई, आपला पक्ष छोटा. छोट्याने किती ताणायचं, याला लिमिट असते."

"घातलेली का, एवढंच सांगा."

"तो विषयच निघाला नव्हता."

स्वप्ना प्रशांतकडे वळली.

"तू रुचिताची शपथ घेतलेलीस," ती म्हणाली.

"घरी बोलू. आता तमाशा नको," तो पुटपुटला. "दादांचा आदेश आहे. मोडलास तर सीट जाईल तुझी."

"माझी?" स्वप्नाने विचारलं. ती जागा तिची आहे, असं तो आज पहिल्यांदाच म्हणाला होता.

सभागृहात प्रस्ताव वाचला गेला. प्रस्तावाच्या बाजूने हात वर झाले. रसिकाचाही झाला. मग विरोधातल्यांची मोजणी आली आणि स्वप्ना उभी राहिली. तिने हात उंच धरला. "माझा विरोध आहे."

"स्वप्ना, बस खाली!" मागच्या गॅलरीतून प्रशांत ओरडला. ती बसली नाही.

मतं समसमान पडली. क्षणभर तिला वाटलं, वाचलो. तेवढ्यात मारुतीशेठनी माइक पुढे ओढला. मतं सारखी पडली तर निर्णायक मत महापौराचं असतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि ते मत स्वतःच्या गोदामांच्या बाजूने टाकलं. त्या खुर्चीवर त्यांना बसवताना स्वप्नाचा हात वर होता. तो आता खाली घेता येणार नव्हता.

घरी प्रशांतने तोंड सोडलं. "कंत्राट गेलं! दादा तुला अपात्र करायला निघालेत. काय मिळालं तुला?"

"तू काय विकलंस, ते कळलं," ती म्हणाली आणि शेजारी गेली. रंभापासून तिने काहीच लपवलं नाही.

"शपथ माझ्या पोरीची घेतली त्याने?" रंभाने विचारलं.

"हो. आणि मी त्याला विचारत बसले. दादांना तोंडावर विचारायला हवं होतं, ते हात वर केल्यावर विचारलं. रविवारी लोकांसमोर सांगणार आहे सगळं."

"मी येईन," रंभा म्हणाली. "पण आज तू जा. आज माझ्याच्याने तुझ्याशी बोलवणार नाय."

रविवारी समाजमंदिरासमोर वस्ती जमली. कुणी चिडलेलं, कुणी नुसतं बघायला आलेलं. प्रशांत आला नाही. स्वप्नासमोर पहिल्यांदाच नवऱ्याने लिहून दिलेलं भाषण नव्हतं. मागच्या बाजूला रंभा रुचिताला घेऊन उभी होती. ती स्वप्नाकडे बघत नव्हती, पण निघूनही गेली नव्हती.

"तुमचं मत विकलं गेलं," स्वप्ना म्हणाली. "सौदा माझ्या नवऱ्याने केला. हात माझा होता. पद जाईल तेव्हा जाईल. पण गोदामं हलेपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि यापुढे ज्या बाईला मत द्याल, तिच्या घरी गेलात की नवऱ्याला नाही, तिला बाहेर बोलवा. ती बाहेर येईपर्यंत दारातच उभे राहा."